जातंय काय आपलं?

देव आहे की नाही, नक्की ठाऊक नाही. मग 'आहे' या बाजूनं पैज लावून मोकळं व्हावं का? साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक फ्रेंच गणिती म्हणाला, लावा! टेंभी नाक्याच्या रांगेत मात्र हिशेब जरा वेगळाच निघाला...

माझी एक मैत्रीण वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत एचआरला आहे. अप्रेझलचे दिवस जवळ आले, की ही बया दर मंगळवारी पहाटेची लोकल पकडून सिद्धिविनायकाला जाते. एरवी तिच्या तोंडी देवाचं नाव येतं ते फक्त गाडी चुकली की. एकदा मी न राहवून विचारलं, 'तुझा खरंच विश्वास आहे का गं?' कॉफीचा कप खाली न ठेवता ती म्हणाली, 'हे बघ, असला तर फायदा. नसला तर जातंय काय आपलं?'

जातंय काय आपलं! आपल्या पिढीच्या देवभक्तीला यापेक्षा फिट्ट टॅगलाइन सापडणार नाही. गाडीच्या डॅशबोर्डवरचा इवलासा गणपती, नव्या लॅपटॉपला लावलेलं कुंकवाचं बोट, इंटरव्ह्यूच्या दिवशी पाकिटात सरकवलेला अंगारा. विचारलंत तर कुणी ठामपणे 'हो, मानतो' म्हणणार नाही, पण अंगारा काढूनही टाकणार नाही.

मी तो संवाद विसरूनही गेले असते. पण २०२४च्या सप्टेंबरात, घटस्थापनेला आठ-दहा दिवस असताना, जेवता जेवता आई म्हणाली, 'यंदा टेंभी नाक्याला जायचंय. देवीची ओटी भरायचीय. नवस राहिलाय.'

नवस कुठला, ते मला माहीत होतं. आणि तो राहिलेला नव्हता, हेही मला माहीत होतं. डिसेंबर २०२२मध्ये बाबांची बायपास झाली तेव्हा आईनं हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये पदर पसरून म्हटलं होतं, हे धडधाकट घरी येऊ देत, साडी-खणानं ओटी भरीन. बाबा घरी आले नाहीत. ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी, जानेवारीत, गेले. म्हणजे साध्या भाषेत, समोरच्या पार्टीनं कॉन्ट्रॅक्ट पाळलं नव्हतं. मग आई नेमकं फेडणार काय होती?

मी तिला तसं म्हटलं नाही. जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला आणि ज्यानं देवावर पैज लावायचं हे गणित पहिल्यांदा नीट मांडलं, त्याच्या मागे लागले.

पैजेवाला

ब्लेझ पास्काल हे नाव तुम्ही शाळेत ऐकलंय. दाबाचं एकक, दोन मार्क. पण हा माणूस आपल्यासारख्या नोकरदारांच्या फारच जवळचा आहे. जन्म १६२३चा. वडील सरकारी करवसुलीच्या कामात, रात्र रात्र आकडेमोड करत बसायचे. त्यांचे हाल बघून या पोरानं एकोणिसाव्या वर्षी बेरीज-वजाबाकी करणारं यंत्र बनवायला घेतलं. कॅल्क्युलेटरचा खापरपणजोबाच तो. आणि १६६२ साली, म्हणजे मरायच्या वर्षी, त्यानं पॅरिसमध्ये ठरलेल्या रस्त्यानं, ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या सार्वजनिक घोडागाड्या सुरू करण्यात पुढाकार घेतला. शहरातल्या बससेवेची ही सुरुवात मानतात. डोंबिवली-ठाणे अप-डाउन करणाऱ्यांनी त्याच्या फोटोला एक हार घालायला हरकत नाही.

१६५४मध्ये त्यानं फर्मा या दुसऱ्या गणित्याशी पत्रापत्री करून एक कोडं सोडवलं. जुगाराचा डाव मध्येच मोडला, तर टेबलावरचे पैसे कसे वाटायचे? आजचं प्रोबॅबिलिटीचं शास्त्र, इन्शुरन्स, म्युच्युअल फंड, क्रिकेटवरचा सट्टा, सगळं त्या पत्रांच्या वंशावळीतलं. आणि त्याच वर्षी, २३ नोव्हेंबरच्या रात्री, त्याला असा काही धार्मिक अनुभव आला, की त्यानं तो कागदावर उतरवला आणि कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. कुणाला बोलला नाही. तो मेल्यावर नोकराला ती टिपणं सापडली.

म्हणजे एकाच वर्षी जुगाराच्या डावाचं गणित आणि अस्तरातला देव. पैज इथून निघाली, असं मला आपलं वाटतं. पास्कालच्या विस्कळीत टिपणांचं पुस्तक तो गेल्यावर १६७० साली छापलं गेलं, त्यात ती आहे.

एक्सेल शीट डोळ्यांसमोर आणा. दोन ओळी: देव मानला, देव नाही मानला. दोन कॉलम: देव आहे, देव नाही. मानला आणि निघाला, तर अनंत सुख. मानला आणि नाही निघाला, तर थोडे रविवार वाया गेले, थोडी चैन हुकली. नाही मानला आणि नाही निघाला, तर तेवढी चैन पदरात. नाही मानला आणि निघाला, तर मात्र बोंब. आता देव असण्याची शक्यता कितीही बारीक धरा, शंभरात एक, लाखात एक. ज्या खान्यात 'अनंत' लिहिलंय, त्याला कशानंही गुणलं तरी उत्तर अनंतच. सबब, मानण्यातच फायदा. आणि 'मी खेळतच नाही' म्हणायची सोय नाही, कारण जगतोय म्हणजे डावात बसलोच आहोत.

लक्षात घ्या, देव आहे असं पास्काल सिद्ध करत नाहीये. ते बुद्धीला जमणार नाही, हे तो आधीच कबूल करतो. तो फक्त विचारतो, माहीत नसताना काय करणं शहाणपणाचं? प्रश्न रास्त आहे. लग्न, होम लोन, नोकरी बदलणं, आपण सगळं असंच तर करतो.

टेंभी नाक्यावर एक चक्कर

पण ते शीट घेऊन टेंभी नाक्यावर जा. पहिल्याच फेरीत फाटतं.

ठाणे वेस्टला उतरून तलावपाळीच्या अंगानं चालत निघालात, तर जांभळी नाक्याला कौपिनेश्वर. ठाण्याचा जुना शंकर. तळ्याकाठीच सेंट जॉन बाप्टिस्टचं चर्च, पोर्तुगीजांच्या आठवणी सांगणारं. पुढे टेंभी नाक्याला मुनिसुव्रतस्वामींचं जैन मंदिर. आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या भागात बेने इस्रायली लोकांचं सिनेगॉग, १८७९ सालचं. त्याचं नाव शार हाशामाइम, अर्थ 'स्वर्गाचं दार'. (पास्कालला हा पत्ता कळवायला हवा होता.) आणि या सगळ्याच्या मधोमध दर आश्विनात दहा दिवस नाका ताब्यात घेणारी देवी. आनंद दिघ्यांनी १९७८ साली सुरू केलेला हा उत्सव. कळव्याहून मूर्तीची मिरवणूक निघते आणि ठाणं रस्त्यावर येतं. दिघे २००१ साली गेले, पण गर्दी वाढतच गेली.

आता सांगा, तुमच्या शीटमध्ये ओळी किती? पास्कालनं दोनच धरल्या, कारण त्याच्या गल्लीत देव म्हटलं की एकच पत्ता होता. दिदरो नावाच्या त्याच्याच देशातल्या लेखकानं पुढच्या शतकात टोमणा मारला, की हेच लॉजिक एखादा इमामही वापरेल की! आमच्या ठाण्यात तर हे टोमणा म्हणूनही मारायला नको, पायी पाच-दहा मिनिटांत दिसतं. आणि जैन मंदिर तर सगळ्यांत गंमतशीर ओळ आहे. जगाचा कर्ता देवच तिथे नाही, तीर्थंकर कुणाला बक्षीस देत नाहीत की शिक्षा करत नाहीत. म्हणजे पैज लावली तरी पैसे देणारा काउंटरच नाही! प्रत्येक ओळीत अनंत बक्षीस आणि प्रत्येक ओळीची दुसरीशी टक्कर. शीट हँग.

आई मात्र टेंभी नाक्यावर अशा ओळी मोजत उभी राहात नाही. तिचं माहेर चरईचं. देवी पहिल्यांदा बसली तेव्हा ती दहा वर्षांची होती. 'ती आणि मी एकदमच मोठ्या झालो,' असं ती म्हणते, जणू शेजारच्या बिऱ्हाडातली मैत्रीण. अमेरिकन विचारवंत विल्यम जेम्सनं १८९६च्या एका भाषणात हेच सांगितलं होतं, की माणसाला सगळे पर्याय सारखेच 'जिवंत' नसतात. ज्याच्या रक्तातच एखादा देव नाही, त्याच्यापुढे त्या देवाची कितीही मोठी लॉटरी ठेवा, तो तिकीट काढणार नाही. आईपुढे जिवंत पर्याय एक. माझ्यापुढे? खरं सांगायचं तर एकही नाही. निदान तेव्हा मी तसंच समजत होते.

उद्यापासून विश्वास ठेव!

दुसरी अडचण जास्त घरगुती आहे. समजा पैज पटली. पुढे काय? 'तुमचा बॉस तुमच्यावर जीवापाड प्रेम करतो, यावर विश्वास ठेवा, दहा हजार देते,' असं मी म्हटलं, तर तुम्ही दहा हजारांसाठी 'ठेवला' म्हणाल. पण ठेवता येईल का? विश्वास काही स्विच नाही.

पास्कालला हे ठाऊक होतं, आणि त्याचं उत्तर मला त्याच्या गणितापेक्षाही जास्त आवडलं. तो म्हणतो, मग मानणारे लोक जे करतात ते करायला लाग. चर्चला जा, पवित्र पाणी घे, प्रार्थना म्हण. मन मागून येईल. थोडक्यात, आधी रांगेत उभी राहा! हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीनं सांगितलं असतं. हात जोड, अर्थ नंतर कळेल. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंग नेसणाऱ्या लेडीज डब्यातल्या किती जणींनी आधी विश्वासाचा अर्ज भरला होता?

तिसरी अडचण मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. एकदा 'अनंत' हा आकडा शीटमध्ये आला, की तो सगळ्या खऱ्या आकड्यांना गिळतो. उद्या कुणी जटाधारी दारात येऊन म्हणाला, 'पन्नास हजार दे, सात पिढ्यांचं कल्याण करतो', तर पास्कालच्या हिशेबानं तुम्ही त्याला पैसे द्यायला हवेत. तो खरा असण्याची शक्यता कोटीत एक का असेना, बक्षीस बघा! भोंदूबाबांचा सगळा धंदा याच गुणाकारावर चालतो. 'करून बघायला काय जातंय?' यातला 'काय' कधी मंगळसूत्र असतो, कधी पोरीची शाळा, कधी वेळेवर न घेतलेली केमो. डॉ. नरेंद्र दाभोलकर महाराष्ट्रभर हिंडून वर्षानुवर्षं हेच सांगत होते. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर, त्याच वर्षी, जादूटोणाविरोधी कायदा आला. कायदा पूजा-अर्चेला हात लावत नाही, तो पकडतो फसवणूक आणि अघोरीपणा. देवाला मानणारा आणि देवाच्या नावानं लुटला जाणारा यांच्यातली रेघ कायद्याला काढता आली. पास्कालच्या शीटला ती काढता येत नाही, आणि माझ्या मते पैज म्हणून त्याचं गणित इथेच हरतं.

काम झाल्यावर पेमेंट

इथवर मी खुशीत होते. पास्काल आउट, लेख तयार. पण आईच्या नवसाचा प्रश्न तसाच होता.

नवस म्हणजे पास्कालची पैज उलटी केलेली. तो म्हणतो, आधी आख्खं आयुष्य भर, निकाल मेल्यावर. नवसात देवीनं आधी काम करायचं, मग आपण ओटी भरायची. ॲडव्हान्स नाही, काम झाल्यावर पेमेंट. (मी फ्रीलान्सर आहे. या अटीवर काम करणाऱ्याचे हाल मला विचारा.) काम झालं नाही, तर बिलच नाही. निव्वळ व्यवहार म्हणून बघितलं, तर नवस लावणाऱ्याच्या बाजूनं यापेक्षा बरी डील नाही. आणि ही डील एका धर्माची मक्तेदारीही नाही. टेंभी नाक्याच्या सिनेगॉगशी नातं असलेल्या बेने इस्रायलींचा मलिदा बघा. मराठी बोलणारा हा समाज इच्छा पूर्ण झाली, की भिजवलेल्या पोह्यांत गूळ-खोबरं घालून, फळं मांडून एलियाहू हनाबी या प्रेषिताचे आभार मानतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्या प्रेषिताच्या रथाची खूण दाखवतात, तिथेही लोक नवस फेडायला जातात. बरेच जण १९४८नंतर इस्रायलला गेले, पण मलिदा सोबत घेऊन.

तुकोबांनी पावणेचारशे वर्षांपूर्वीच नवसाची टर उडवलेली आहे. नवसानं पोरं होत असतील तर बाईला नवऱ्याची गरजच काय, हा त्यांचा सवाल आजही बिनउत्तराचा. पण माझी आवडती गोष्ट त्याहून जुनी, ग्रीकांकडची. डायागोरस नावाच्या नास्तिकाला कुणीतरी देवळातली चित्रं दाखवली. वादळातून देवाचा धावा करून वाचलेल्यांनी ती वाहिली होती. 'बघ, एवढे वाचले!' तो म्हणाला, 'आणि बुडाले त्यांची चित्रं कुठायत?'

'नवसाला पावणारी' ही ख्याती अशीच होते. पावलेले साडी घेऊन रांगेत उभे असतात. न पावलेले घरी असतात, त्यांची रांग लागत नाही. गर्दी बघून आपण म्हणतो, बघा किती जणांना पावते! स्टॅटिस्टिक्समधली ही जुनीच खोड आहे. आणि गर्दी बाजूला ठेवून मोजायला गेलं तर? २००६ साली अमेरिकेत १,८०२ बायपास पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाबांमुळे मी तो तेव्हाच हुडकून वाचला होता. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. ज्यांना काहीच नक्की माहीत नव्हतं, त्यांच्यात ऑपरेशननंतरची गुंतागुंत प्रार्थना असलेल्यांत ५२ टक्के आणि नसलेल्यांत ५१ टक्के. आणि 'तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे' असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९! बिचाऱ्यांना वाटलं असेल, अरे बापरे, इतकं वाईट आहे का माझं?

तर हिशेब स्पष्ट होता. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. डायागोरसच्या गोष्टीतले बुडालेले लोक देवळात येत नाहीत. आणि माझी आई, जिचं जहाज बुडालं होतं, ती टेंभी नाक्याच्या रांगेत उभी राहायला निघाली होती.

शेवटी मी विचारलंच. 'आई, बाबा घरी आलेच नाहीत. मग नवस कसला फेडतेस?'

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'बोलले त्या रात्री मला झोप लागली.'

'म्हणजे?'

'म्हणजे काय म्हणजे? त्याआधी चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता. तिला सांगितलं आणि त्या बाकड्यावर झोपले. अकरा रात्री झोपले. सकाळी उठून यांना चहा पाजायची ताकद होती मला. ते काय फुकटात?'

मी म्हटलं, झोप तर गोळीनंही लागते. त्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. 'मग गोळीचे पैसे देतेस ना केमिस्टला? की पेशंट गेला म्हणून परत मागतेस?' आणि थोड्या वेळानं, निवडलेली मेथी परातीत टाकताना, 'तुझे बाबा वीस वर्षं विम्याचा हप्ता भरत होते. ते काय मरायची पैज लावून?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर पास्कालचं ते टिपण पुन्हा शेवटपर्यंत वाचलं. आपण सगळे एक्सेलपाशीच थांबतो, पण तो शेवटी जुगाऱ्याला म्हणतो, अनंताचं सोड, याच जन्मात तू जास्त प्रामाणिक, जास्त नम्र, कृतज्ञ माणूस होशील. फायदा इथेच मिळतो. म्हणजे गाडी फिरून आईच्या बाकड्यापाशीच आली. झोप लागली म्हणून देवी आहे, असं अजिबात सिद्ध होत नाही, हे मी आजही म्हणेन. पण आईनं ते सिद्ध केलंच नव्हतं. जे मिळालं, त्याचं बिल ती भरत होती. पैज लावणारा माणूस हरला की टेबलावरून उठतो. आई उठत नव्हती, म्हणजे ती खेळतच नव्हती. मैत्रिणीचं 'जातंय काय' आणि आईचं 'फुकटात का', ही दोन वाक्यं एकाच देवाबद्दल आहेत, हे मला अवघडच वाटतं.

अटी लागू

आणि 'जातंय काय' या प्रश्नाला खरंखुरं उत्तरही त्याच आठवड्यात मिळालं. एका नातेवाईक काकूंचा फोन आला. आवाज मऊ, मतलब कडक: 'तू नको गं भरूस ओटी. बरं दिसत नाही. पोरीला पाठव.'

विधवेनं ओटी भरू नये. कुंकू लावू नये, हिरव्या बांगड्या नकोत, हळदीकुंकवाला बोलावू नये. ज्या बाईनं नवऱ्याच्या जिवासाठी नवस बोलला, तिला तो फेडण्यापुरतीही देवीसमोर जागा नाही, कारण नवरा गेला! मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव करून विधवांवर लादल्या जाणाऱ्या अशा प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. डोंबिवलीतल्या सोसायट्यांना ग्रामसभा नसते. व्हॉट्सॲप ग्रुप असतो.

पास्कालनं खर्चाच्या खान्यात 'थोडी चैन' असं लिहिलं होतं. तो पुरुष होता, एकटा होता. विश्वास एकटा येत नाही, सोबत काकू येतात, हे त्याच्या शीटमध्ये नाही. मी चिडून म्हटलं, अशा देवळात जायचंच कशाला? आई म्हणाली, 'देवीनं कुठे फोन केला होता?' पण दुसऱ्या दिवशी तिनं साडी माझ्या कपाटात ठेवलेली मला दिसली. म्हणजे ओटी मीच भरायची होती. विश्वास नसलेल्या मुलीच्या हातून, विश्वास असलेल्या आईचा, न पावलेला नवस!

मंगळवार, रंग लाल

८ ऑक्टोबरला आम्ही निघालो. मंगळवार, रंग लाल. लेडीज डबा लालेलाल. सेल्फी चालू. आई राखाडी साडीत खिडकीपाशी, मांडीवर पिशवी. जांभळी नाक्यावर नारळ, खण, हळकुंडं, सुपारी घेतली. तांदूळ तिनं घरून आणले होते, बाबांना आवडायचे ते. मी काही बोलले नाही.

रांगेत बराच वेळ गेला. पुढे एक जोडपं, बाळाला घेऊन, पेढ्यांचा बॉक्स. पावलेले! मागे एक मुलगा कानात इअरफोन घालून ऑफिसचा कॉल घेत होता. 'हां सर, आय ॲम ऑन द वे,' म्हणत. देवीसमोर खोटं बोलणं बहुतेक म्यूटवर चालत असावं. ढोल, लायटिंग, 'चला, चला, पुढे चला'. आई मध्येच म्हणाली, 'इथे आम्ही लहानपणी अनवाणी यायचो, सकाळी लवकर. तेव्हा इतकी गर्दी नव्हती. ती आमच्याकडे बघायची.'

मूर्ती दिसायला लागली तेव्हा आईनं ओटी माझ्या हातात दिली. साडी, वर खण, वर नारळ. जड असते हो ती. मी चार पावलं घेऊन चालले. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. काकूंचा आवाज आठवला, का बाकडं आठवलं. अगदी समोर आल्यावर मी वळले आणि ती ओटी आईच्या हातात परत ठेवली. म्हटलं, 'झोप तुला लागली होती. तू दे.'

तिनं एकदा आजूबाजूला पाहिलं. कुणीही आमच्याकडे बघत नव्हतं. समोरच्या स्वयंसेवकानं तिचं कपाळ बघितलं नाही, फक्त हात पुढे केले. 'द्या मावशी, लवकर.' तिनं ओटी दिली, डोळे मिटले. तीन सेकंद असतील. 'चला, चला.' आम्ही बाहेर.

बाहेर आल्यावर ती पाणी प्यायली. प्रसादाचा नारळ पिशवीत टाकला आणि तिला एकदम काहीतरी आठवलं.

'तू काय मागितलंस?'

'काही नाही.'

'खरंच काही नाही?'

'नाही गं.'

'बरं झालं,' ती म्हणाली. 'म्हणजे पुढच्या वर्षी फेडायला यायची कटकट नाही. चल, चारपन्नासची मिळेल.'